शिकागो, साडेतीन मुंबई

परवा परतीच्या वाटेवर तुम्ही फ्रँकफर्टच्या विमानतळावरून संगणकाच्या कॅमेऱ्यात डोकावलात, तेव्हा मोठीने मला विचारले, "आजी, माझ्या पेन्सिलची सालं अजून तुझ्या पायाशीच कशी?" धाकट्याने तर निघताना त्याने सांडलेला चिवडासुद्धा ओळखला. जी आजी तुम्हाला चपला जोडीने ठेवायला लावते, अंथरुणाच्या घडीचे कोपरे जुळले नाहीत तर पुन्हा घालायला लावते, तिच्या घरात आदल्या दिवसाचा केर. तुमची आई नुसती हसली आणि म्हणाली, "ते मालकांना विचारायला हवं." मालक आता नाहीत. म्हणून हे लिहिणे माझ्याकडे आले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी हे मानत नाही. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवले, आणि मांजर आडवे गेले तर मांजराला काही काम असेल असे समजून पुढे जाते. हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

मालक म्हणजे आमचे घरमालक. कोल्हापूरच्या शाहूपुरीत खाली ते आणि त्यांची बायको, वर आम्ही भाडेकरू. गुळाचे अडत दुकान होते त्यांचे. मूळचे सीमेकडचे लिंगायत. बायकोशी कानडीत भांडत आणि मराठीत समेट करत. बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणे. मालकांच्या शर्टाच्या खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा कायम असे आणि त्यामुळे एखाददुसरी मुंगीही. बोलता बोलता ते मुंगी चिमटीत धरून बाहेर सोडत आणि म्हणत, "जावा, घरला जावा." माणसांशी मात्र इतके मऊ बोलत नसत. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी भाडे सांगायच्या आधी तुमच्या आजोबांना विचारले, "फिरतीची नोकरी हाय का?" आजोबा बँकेत होते. महिन्यातून दोनतीनदा तपासणीला जावे लागते म्हणाले. मालकांचा चेहरा पडला. तो का पडला ते आम्हाला पहिल्या आठवड्यात कळले.

आपल्याकडे एक रीत आहे. घरातून कोणी प्रवासाला निघाले की लगेच केर काढायचा नाही. ती काही मालकांनी शोधून काढलेली नव्हती. पण बाकीची घरे तासभर थांबून, माणूस स्टँडवर जाऊन गाडीत बसला असेल असे धरून गुपचूप झाडू मारत. मालकांना ती शुद्ध लबाडी वाटे. "निघालं त्येचं काय कौतिक? पोचलं त्ये खरं," हे त्यांचे वाक्य. माणूस मुक्कामाला पोचेपर्यंत घरात केरसुणी हलता कामा नये. शिवाय घर एक, उंबरा एक, म्हणून केरही एक. आजोबा आजऱ्याच्या शाखेत गेले की वर माझे झाडणे बंद आणि खाली अक्कांचेही बंद. म्हणजे भाडेकरू फिरतीचा असणे हे मालकांच्या दृष्टीने घराच्या जमिनीवरचे संकट होते.

त्यामुळे गावोगावचा प्रवास किती वेळाचा हे त्यांना पाठ करावे लागे. निघणाऱ्याला "कुठं" असे विचारायचे नसते, म्हणून ते फाटकात उभे राहून "पोचायचं कधी?" एवढेच विचारत आणि उत्तरावरून गाव ओळखत. गुळाचे ट्रक पाठवून पाठवून त्यांना रस्ते ठाऊक होते, पण ट्रकवाल्यांवर विश्वास नसल्यामुळे ते प्रत्येक प्रवासात एक चहा आणि एक पंक्चर धरत. त्यांचे निकाल वेगवेगळे असत. गडमुडशिंगीला जाणे हा प्रवासच नव्हे, "त्ये परसाकडं गेल्यागत हाय." शाहूवाडीला गेलेल्या माणसासाठी दुपारपर्यंत थांबायचे, पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत. पाहुणा आपल्या घरून निघाला तर तो आपला प्रवासी, पण तो आपल्याकडे यायला निघाला तेव्हा त्याच्या घरच्यांनी काय केले ही त्यांची जबाबदारी.

आमच्याकडे शेवंता कामाला येत असे. तिला ही व्यवस्था फार आवडे. रोज सकाळी फाटकातूनच ओरडे, "मालक, आज कोण गेलंय का?" कोणी गेले नसेल तर तिचा चेहरा पडे. मी चिडे. दिवसातून दोनदा केर काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एकदा मी जिन्यात उभी राहून त्यांना स्पष्ट विचारले की केरसुणीचा आणि एसटीच्या चाकांचा संबंध काय.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं इंग्रजीत शिक्षण झालंय. केराला इंग्रजी येत न्हाय."

मी तशीच वर गेले आणि केरसुणी दारामागे ठेवली.

नव्वदच्या दशकात तुमची आई शिकागोला शिकायला जायची ठरली. आमच्या घरात आनंद, मालकांच्या घरात चिंता. तिकीट हातात आले त्या संध्याकाळी ते गुळाच्या ढेपेला बांधायची सुतळी घेऊन वर आले. तुमच्या आईचा शाळेतला पृथ्वीगोल त्यांनी मांडीवर घेतला, एखाद्या बाळंतिणीचे मूल घ्यावे तसा. आजोबांनी त्यांना कोल्हापूर कुठे असेल ते बोटाने दाखवले. मुंबई तिथून नखभर अंतरावर. मग त्यांनी सुतळीचे टोक शिकागोवर धरून ती गोलावरून ताणली. मोजले. पुन्हा मोजले.

"साहेब, ह्या एवढ्या नखाला एस्टीची आख्खी रात्र जाती. आन ही सुतळी बगा." त्यांनी सुतळीवर नखे मोजत नेली. "दीड म्हैना हो. दीड म्हैना केर न्हाय काढायचा?"

मी हातातले भांडे खाली ठेवले. आजोबांनी घाईघाईने सांगितले की विमान तासाला आठशे-नऊशे किलोमीटर जाते.

"कागदावर एस्टी बी साठनं पळती."

"अहो, पण वर रस्ता मोकळा असतो."

"मधी थांबत न्हाय?"

"जर्मनीत थांबतं. फ्रँकफर्टला. तिथे विमान बदलायचं. मुंबईहून तिथे नऊएक तास."

मालकांनी बोटांवर हिशेब केला. कोल्हापूरहून मुंबईला तेव्हा एसटीने साधारण तेवढाच वेळ लागे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "म्हंजे जर्मनी मुंबैएवढीच लांब?" आजोबा म्हणाले की अंतर कितीतरी पट जास्त आहे, पण वेळ तेवढाच. "अंतर कुणाला पायजे? केर येळावर काढत्यात." मग पुढचे जर्मनी ते शिकागो, तेही तेवढेच आणि थोडे वर. कोल्हापूर ते मुंबई एक, तिथून जर्मनी दुसरी, शिकागो तिसरी. मधल्या थांबण्याला, चहाला आणि पंक्चरला अर्धी. मी म्हटले, विमानाला पंक्चर नसते. "चाकं हायत न्हवं?" म्हणाले.

अशी शिकागो साडेतीन मुंबई ठरली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत तेच माप चालू झाले. आजरा पाव मुंबई. पुणे अर्धी. गुळाच्या बाजारात कोणी मुंबईला जाऊन आल्याची फुशारकी मारली की मालक म्हणत, "काय मोठं, जर्मनीला गेल्यागतच की."

एवढे ठरले तरी घोळ संपला नाही, कारण तिकिटावरच्या वेळा त्यांना पटेनात. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघायचे आणि शिकागोला त्याच तारखेला दुपारी पोचायचे. मी त्यांना समजावले की तिथली घड्याळे आपल्यामागे असतात. त्यांनी बराच विचार केला. "मंजे पोरगी तितं पोचली की हितं दुसरा दिस लागलेला आसणार. मग आपण तिचा कालचा केर काढायचा का आजचा?" तुमच्या आजोबांना या प्रश्नाचा इतका आनंद झाला की ते बँकेतही तो सांगत सुटले.

तुमची आई निघाली त्या सकाळचे माझे घर डोळ्यांसमोर आणा. दारात पन्नास माणसे येऊन गेलेली. पोहे, हार तुटून पडलेली फुले, सुतळीचे तुकडे, खोक्यातून सांडलेले थर्माकोलचे दाणे, जे पंखा लावला की सरपटत सोफ्याखाली जात. जीप वळणापलीकडे गेली. मी डोळे पुसले आणि वर येऊन दारामागे हात घातला. केरसुणी नव्हती. गच्चीवरचा खराटा नव्हता. शेवंताने दात काढत सांगितले, "मालकांनी समदी गोळा करून गोडावनात ठिवल्यात. कुलूप हाय."

भाडेकराराच्या कागदात केरसुण्यांचा उल्लेख नव्हता, म्हणून मी तणतणत खाली गेले. मालक ओसरीवर किल्ली कमरेला लावून बसले होते.

"हातानं येचलं तर चालतंय," त्यांनी मी बोलायच्या आत निकाल दिला. "लोटायचं न्हाय."

मी दोन दिवस थर्माकोलचे दाणे हाताने वेचले. एक एक दाणा उचलताना मला मालकांना म्हणण्यासारखी बरीच इंग्रजी वाक्ये सुचली. पण खरे सांगू? वेचता वेचता ते दोन दिवस गेले. मुलगी आकाशात असताना एरवी मी काय केले असते कोण जाणे.

पोचल्याची खूणही मालकांनीच लावून दिली होती. घरात फोन एकच, तो खाली त्यांच्याकडे. परदेशातून बोलणे म्हणजे तेव्हा श्रीमंतांचे काम. तुमच्या आईने पोचल्यावर फोन लावायचा, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवायचा. इकडे कोणी उचलायचे नाही. उचलला नाही तर दमडीही लागत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मालक फोनसमोर खुर्ची टाकून, हात आडवे लावून बसले होते. पहिली रिंग वाजली आणि स्वयंपाकघरातून अक्का पिठाच्या हातांनी धावत आल्या, नवऱ्याच्या काखेखालून हात घालून त्यांनी फोन उचलला आणि साऱ्या शाहूपुरीला ऐकू जाईल असे विचारले, "पोचलीस व्हय गं बाळ? जेवलीस का?"

मालक कानडीत काहीतरी बोलले. ते मला कळले, पण लिहिणार नाही. मग त्यांनी कमरेची किल्ली काढून शेवंताकडे फेकली.

पुढे त्यांचा मुलगाही इंजिनियर होऊन अमेरिकेला निघाला. त्याला टेक्सासमध्ये जास्त चांगली नोकरी मिळत होती. मालकांनी साफ नाही म्हटले. "तितलं नव्यानं कोण मोजत बसणार? शिकागोचं ठरल्यालं हाय." मुलाने डोक्याला हात लावला, आणि गेला शिकागोला. आजही तो सगळ्यांना सांगतो की माझी नोकरी सुतळीने ठरली.

नवे शतक लागले त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्का गेल्या. झोपेत, कोणाला त्रास न देता. मुलगा लगेच निघाला, पण साडेतीन मुंबई ती साडेतीन मुंबई. तो पोचायच्या आत माती द्यावी लागली. त्यानंतर मालक कोणाला "पोचायचं कधी?" असे विचारीनासे झाले. शेवंता आली की स्वतःच केरसुणी हातात देत. माझे घर दोन वेळा झाडले जाऊ लागले आणि मला त्यात काही मजा वाटेना.

मग शिकागोत त्यांना नातू झाला. मुलाच्या कागदपत्रांचे काहीतरी अडले होते. एकदा देशाबाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. म्हणजे नातू बघायचा तर मालकांनाच जायला हवे होते. मुलाने तिकीट पाठवले. व्हिसा मिळाला. नातू रांगायला लागल्याचा फोटो आला, नंतर भिंतीला धरून उभा राहिल्याचा आला. मालक फोटो खिशात ठेवत, गुळाच्या खड्याशेजारी, त्यामुळे नातवाच्या फोटोवरही मुंग्या फिरत. आणि जायचे म्हटले की रोज नवे कारण काढत. इतका वेळ बसून गुडघे धरतील. विमानात चहा गुळाचा नसतो. जर्मनीत उतरून दुसऱ्या गाडीत बसायचे तर कंडक्टर कानडी की मराठी. आजोबा एकेका कारणाचे निरसन करत. शेवटी तिकिटाची तारीख आठवड्यावर आली आणि मालकांनी जाहीर केले, "मी जाईत न्हाय. लांब हाय."

ज्याने अमेरिका ओसरीवर बसून मोजली तो माणूस आता लांब म्हणतो, हे मला पटले नाही. दुपारी खाली गेले तर ते स्वतः केर काढत होते. कमरेत वाकून, अक्कांच्या केरसुणीने, कोपरे सोडून. त्यांचे कोपरे बघून माझा जीव कासावीस झाला. पण मी विषय तोच काढला.

"नातू चालायला लागेल. तुम्ही इथे गुडघे कुरवाळत बसा."

"लांब हाय बाई."

"साडेतीन मुंबई. तुम्हीच ठरवलेलं."

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि ओसरीच्या पायरीवर बसले.

"पोरगं गेलं तवा अक्का मागं हुती. साहेब आजऱ्याला जायाचे तवा तुम्ही आसायचा. जाणाऱ्याच्या मागं घरात कोणतरी पायजे. मी गेलो की दाराला कुलूप. मग माज्यामागं कोण थांबलं?"

"कुलूप लावलं तर केर कोण काढणार? आपोआपच राहील की."

"तसं नसतंय." त्यांनी मान हलवली. "कुणी नसल्यावर पडती ती धूळ. झाडायचं माणूस हाय, त्येचा हात शिवशिवतोय, आन तरी त्ये थांबलंय, मंग त्येला काय किंमत आसती."

मला तेव्हा प्रथमच कळले की इतकी वर्षे खरा खटाटोप केराचा नव्हताच.

"चावी द्या," मी म्हटले. "मी थांबते."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळले. "तुम्ही मानत न्हाईसा."

"नाही मानत."

"रोज दोनदा खाली यायाला पायजे. दार उघडून बगायचं, आन झाडायचं न्हाय. घरात माणूस हाय आसं वाटाया पायजे."

"येईन."

त्यांच्या मिशीत हसू फुटले. "बरं हाय की. तुमच्यापरास झाडणारं माणूस आख्ख्या कोल्हापुरात न्हाय. तुम्ही थांबला तर मी चंद्रावर जाऊन यीन."

निघायच्या दिवशी आम्ही त्यांच्या हातावर दही-साखर घातली. त्यांनी ती खाल्ली, मग ओसरीभर फिरत मूठभर शेंगा फोडून खाल्ल्या आणि टरफले जिथे फोडली तिथेच टाकली. गुळाचा खडा दाताने तोडला, त्याचा चुराही पडू दिला. हे वय झाल्यामुळे होत नव्हते. ते मधूनमधून माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होते. शेवटी जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "येतो बाई. सांबाळा."

जानेवारीचे दिवस होते. संध्याकाळी मी दार उघडले तर गुळाच्या चुऱ्याला मुंग्यांची रांग लागलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांग देव्हाऱ्यापर्यंत पोचली होती. मी पायरीवर बसून चहा प्यायले आणि हाताची घडी घातली. शेवंता दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मी डोळं झाकून मारू का? कुणाला कळतंय?" मी तिला घालवून दिले. ती जाता जाता पुटपुटली, "ह्या बी मालकच झाल्या."

आता फोन वरही होता. हिशेबाप्रमाणे रात्री ते पोचायला हवे होते, म्हणजे फार तर पहाटेपर्यंत दोन रिंगा. सकाळ झाली, दूध आले, पेपर आला, रिंगा आल्या नाहीत. आजोबा म्हणाले, विसरले असतील. मालक आणि विसरतील? त्यांच्या मुलाच्या घरी फोन लावला तर नुसताच वाजत राहिला. मग मी पैशांचा विचार न करता तुमच्या आईला फोन लावला. ती म्हणाली, "आई, इथे आज दुपारपासून बर्फाचं वादळ आहे. विमानतळ बंद. विमानं वळवून कुठे कुठे उतरवली आहेत. त्यांचा मुलगा बायको-पोराला घेऊन तिथेच बसलाय, पण कोण कुठे ते कुणालाच नीट सांगता येत नाही."

मी खाली गेले. एका माणसाने सगळे आयुष्य हाच एक प्रश्न विचारला होता, आणि आता त्याच्याबद्दल त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते. सत्तरी उलटलेला, इंग्रजीचा एक शब्द न येणारा, खिशात मुंग्या घेऊन हिंडणारा माणूस. केरसुणी कोपऱ्यात होती. हात शिवशिवणे म्हणजे काय ते मला त्या सकाळी समजले. काहीतरी करावेसे वाटत होते आणि करण्यासारखे तेवढेच एक दिसत होते. मी तिला हात लावला नाही. टरफलेसुद्धा वेचली नाहीत, वेचायला परवानगी असूनही.

दुपारी जेवायला बसलो आणि फोन वाजला. एक रिंग. दोन. आजोबांनी माझ्याकडे बघितले. तिसरी वाजली, चौथी वाजली. दोनच वाजल्या तर सगळे ठीक, असे ठरलेले होते. जास्त वाजल्या तर काय, हे कोणी ठरवले नव्हते. मी उष्ट्या हाताने फोन उचलला.

"बाई," पलीकडून खणखणीत आवाज आला, "आजून पोचलो न्हाय. केर काढला न्हाई न्हवं?"

मी विचारले, "कुठे आहात तुम्ही?"

पलीकडे मोठा सुस्कारा. "झालं. कुठं म्हून इचारायचं नसतंय. आता आजून उशीर."

"अहो पण बरे आहात ना? जेवलात का? सोबत कोण आहे?"

"येक गुजराती पावणं हाईत, त्येंच्या फोनच्या कार्डावर बोलतोय. गाव मला बी म्हाईत न्हाय, नुसतं पांढरं हाय बगा भाईर, मिठागरागत. पहाटंच दुसऱ्या इमानात घालत्यात म्हणं. मी त्येंना म्हनलं, पंक्चरचा येळ मी आधीच धरलाय." मग आवाज एकदम खाली आला. "बाई, आत मुंग्या झाल्या आसतील."

"झाल्यात. देव्हाऱ्यापर्यंत."

"आन तुम्ही?"

"मी बसते आहे रोज पायरीवर."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. ज्या माणसाने दमडी वाचवायला रिंगांची खूण काढली तो परक्याच्या कार्डावर गप्प राहत होता. मग म्हणाले, "बसा मग. येतो पोचून," आणि फोन ठेवला.

दिवेलागणीला खालच्या देव्हाऱ्यात दिवा लावून वर आले, तेवढ्यात फोन वाजला. आजोबांनी सवयीने हात पुढे केला, मी त्यांचा हात धरला. पहिली रिंग. दुसरी रिंग. मग बंद.

शेवंताला हाक मारली नाही. मी स्वतः खाली जाऊन सारे घर झाडले, कोपऱ्यांसकट. टरफले, चुरा, धूळ. मुंग्यांना मात्र आधी कागदावर घेऊन बाहेर सोडले, आणि तेव्हा मी त्यांना काय म्हटले ते तुम्ही ओळखा.

मालक उन्हाळ्यापर्यंत तिथे राहिले. परत निघताना त्यांनी मुलाचा केर ओढणारा यंत्राचा झाडू गाडीच्या डिकीत कुलूपबंद करून डिकीची तेवढी किल्ली स्वतःबरोबर आणली. कोल्हापुरात पोचल्यावर मुलाला फोन करून म्हणाले, "आता काढ." मुलगा म्हणाला, "किल्ली?" डिकीची दुसरी किल्ली करून घ्यायला त्याला बराच खर्च आला म्हणतात.

पुढे काही वर्षांनी ते गेले. माणूस गेल्यावर मात्र रीत उलटी असते. तिरडी उंबऱ्याबाहेर पडली की घर लगेच झाडून धुऊन काढतात. शेवंताने केरसुणी हातात घेतली आणि दारातच थबकली. "बाई," मला म्हणाली, "इतक्यात पोचलं आसतील व्हय?" जमलेल्या बायका तिच्यावर ओरडल्या. मला तो प्रश्न अगदी बरोबर वाटला होता. पण तिथे जाऊन कोणी माप आणलेले नाही.

तर मोठीला हे उत्तर. पेन्सिलची साले आणि चिवडा तुमच्या घराचे दार उघडेपर्यंत तिथेच होते. तुमची आई म्हणते की आता विमानतळावरून फुकट बोलता येते, कॅमेऱ्यात दिसता येते, मग काय ते दोन रिंगांचे. असू द्या. फ्रँकफर्टहून बोललात त्याचे काय कौतुक? पुढच्या वेळीही घरी गेल्यावर फोन लावा, दोनदा वाजू द्या आणि ठेवा. मी शेजारीच असेन, पण उचलणार नाही.